ऑर्किड हिरवेगार आहे, पण फुलत का नाही?



ऊस विकास विभागाच्या पानावर फुलझाडाचा लेख पाहून काहींना नवल वाटेल. परंतु गट कार्यालयात हल्ली दोन प्रश्न वारंवार येतात. घरच्या महिला विचारतात, ‘हौसेने आणलेले ऑर्किड हिरवेगार आहे, पण पुन्हा फुलले नाही, असे का?’ आणि तरुण सभासद विचारतात, ‘दहा गुंठ्यांवर शेडनेट टाकून ऑर्किड करावे का?’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर नीट समजल्याशिवाय दुसऱ्याला हात घालू नये, म्हणून हा लेख.

झाड जगविणे आणि झाड फुलविणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऊसवाल्याला हे वेगळे सांगायला नको. उशिरा युरिया टाकलेला ऊस दिसायला काळाभोर, पण उतारा मार खातो. ऑर्किडचेही तसेच आहे. लाड जास्त झाले की नुसता पाला.

हे बांडगूळ नव्हे

ऑर्किडला मराठीत आमरी म्हणतात. घाटाकडच्या गावांत आंब्या-फणसाच्या फांद्यांवर ती पावसाळ्याच्या तोंडाला फुललेली दिसते. पुष्कळजण तिला बांडगूळ समजून तोडतात. बांडगूळ झाडाच्या अंगात शिरून रस ओढते. आमरी फांदीचा फक्त आधार घेते. तिच्या मुळांवर स्पंजासारखे पांढरे आवरण असते. पावसाचे पाणी ते टिपून घेते आणि लगेच वाऱ्याने सुकते. ओले मूळ हिरवट दिसते, सुकले की पुन्हा पांढरे. पाणी केव्हा द्यावे हे सांगणारी याहून चांगली खूण नाही.

भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या २०१९ सालच्या यादीत आपल्या देशातील आमरीच्या १,२५६ जाती नोंदल्या आहेत. रानातली आमरी मात्र ओरबाडून आणू नये. ती घरी क्वचितच जगते आणि रान ओसाड होते. लागवडीसाठी रोपवाटिकेतील संकरित रोपेच घ्यावीत.

जातीची निवड

कोकण किनारा व गोवा येथील उष्ण, दमट हवेला डेंड्रोबियम ही सर्वांत सोयीची जात. तिची ठेवणही उसासारखीच. पेरे असलेला दांडा आणि बुडातून येणारे फुटवे. फूल पक्व दांड्याच्या शेंड्याकडे येते. फरक एकच. खोडव्यात आपण बुडखे छाटतो, येथे पाने गळालेला जुना दांडाही छाटायचा नाही. त्यात अन्नसाठा असतो आणि त्यावर पुन्हा फूल येऊ शकते.

रुंद पानांचे, शहरातल्या दुकानात फुललेले मिळते ते बहुधा फॅलेनोप्सिस. सतत २८ अंशांच्या वर उष्णता राहिली तर ते फुलदांडा काढत नाही. काही आठवडे हवा २५ अंशांच्या खाली यावी लागते. म्हणून उन्हाळ्यात त्याच्याकडून फुलाची आशा धरू नये, थंडीची वाट पाहावी.

फुलासाठी चार गोष्टी

१) उजेड : न फुलण्याचे पहिले कारण अंधार. डेंड्रोबियमला साधारण निम्मे ऊन लागते, म्हणजे ५० टक्के सावलीची जाळी पुरते. पान गर्द हिरवे असेल तर उजेड कमी, पोपटी असेल तर बरोबर, करपले तर ऊन जास्त. सिंगापूरने १९८१ साली राष्ट्रीय फूल म्हणून निवडलेले ‘व्हँडा मिस जोकिम’ तर भर उन्हातच फुलते, सावलीत नुसते वाढते.

२) हवा : कुंडीत माती अजिबात नको. नारळाच्या सोडणाचे तुकडे, लोणारी कोळसा व विटांचे खडे घ्यावेत. आपल्याकडे फुकट मिळते म्हणून चिपाड किंवा प्रेसमड भरू नये. ते कुजते, पाणी धरते आणि मुळे गुदमरतात.

३) पाणी व ताण : पाणी सकाळी द्यावे, भरपूर द्यावे आणि मुळे सुकल्यावरच पुन्हा द्यावे. रात्री शेंड्यात पाणी साचले की कूज शिरते. संततधार पावसात कुंड्या आडोशाला घ्याव्यात व गोगलगायी वेचाव्यात. नवा दांडा पूर्ण वाढून शेवटचे पान उघडले की पाणी थोडे आखडावे. तोडणीपूर्वी आपण उसाचे पाणी तोडतो, त्याच जातीचा हा विचार.

४) खत : वाढीच्या काळात १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला एक ग्रॅम, आठवड्यातून एकदा फवारावे. दांडा पक्व होऊ लागला की नत्र कमी करून स्फुरद-पालाश वाढवावे. उसाला पांगशा फुटाव्यात तशी पेऱ्यावर पिल्ले फुटू लागली, तर बहुधा पाणी व नत्र जास्त होत आहे असे समजावे. ही पिल्ले मुळांसह काढली तर बेणे म्हणून उपयोगी पडतात.

विहिरीचे पाणी तपासा

आपल्या भागात हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. क्षारपड पट्ट्यातल्या विहिरीचे पाणी ऊस कसाबसा सोसतो, आमरी सोसत नाही. कुंडीवर व मुळांवर पांढरा थर बसू लागला, मुळांची टोके काळी पडली, की कारण बहुधा पाण्यातच असते. पन्हाळीचे पावसाचे पाणी साठवून वापरावे.

शेडनेटसाठी कर्ज काढण्यापूर्वी

लक्षात घ्या, किनाऱ्यावर दमट हवा जवळजवळ वर्षभर असते. देशावर ती पावसाळ्यापुरती. चैत्र-वैशाखात हवा कोरडी पडते. मग दमटपणा विकत आणावा लागतो, म्हणजे फवारे, वीज आणि गोडे पाणी. लहान रोप फुलायला दोन-तीन वर्षे घेते आणि तोवर हप्ते थांबत नाहीत. बाजारात थायलंडहून आलेल्या फुलांशी गाठ आहे, हेही विसरू नये. कोणी रोपे विकताना उत्पन्नाचा हिशेब कागदावर मांडून दाखवील. त्याला आधी मे महिन्यातला दमटपणा आणि तुमच्या विहिरीचे क्षार विचारा.

आमची सूचना अशी की, प्रथम वीस कुंड्या घ्याव्यात. एक मे महिना आणि एक पावसाळा काढावा. पाणी कोठून आले, किती रोपे गेली, किती दांडे फुलले, याची वहीत नोंद ठेवावी. वीसातली पंधरा फुलली तर पुढचे पाऊल टाकावे. न फुलली तर वीस कुंड्यांवर निभावले म्हणायचे. उसाचे बिल आणि जमीन दोन्ही शाबूत राहतात.

– ऊस विकास अधिकारी