बाळंतिणीच्या मनावरचं औषध

बायोप्सी म्हणजे काय, हे बार्शीत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. गावात कॅन्सरचं मोठं हॉस्पिटल आहे. खेड्यापाड्यांतल्या कॅन्सर रुग्णांची नोंद ठेवण्याचं काम इथे १९८७ पासून चालतं. ग्रामीण भागातली देशातली ती पहिली नोंदणी. त्यामुळे गाठीचा तुकडा काढतात, तपासतात, गाठ कोणत्या जातीची ते कळतं आणि मग औषध ठरतं, एवढं आमच्या भाजीवाल्या मावशींनाही ठाऊक. मग त्या विचारतात, मनाच्या आजाराचं असं का नाही? तिथे एक गोळी द्यायची, चार आठवडे वाट बघायची, नाही लागू पडली तर दुसरी, असं का?

कारण जित्या माणसाच्या मेंदूचा तुकडा असा सहज काढता येत नाही. मनाच्या आजाराचं नाव लक्षणांवरूनच ठरतं, रक्ताच्या रिपोर्टवरून नाही. पण एका आजारात संशोधकांना बरंच खोलवर जाता आलंय, आणि तो आपल्या बायकांचाच आहे. बाळंतपणानंतर येणारं नैराश्य.

सव्वा महिना आपण बाळंतिणीचं काय काय करतो! शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, कानाला फडकं. पण बाळ झोपलं तरी ती टक्क जागी असते, बाळाला जवळ घ्यायचं म्हटलं की पोटात गोळा येतो, याची चौकशी कोण करतं? फार तर, ‘काय कमी आहे गं तुला?’ नाहीतर ‘बाहेरचं झालंय पोरीला’, की लिंबू उतरवलंच. पहिल्या आठ-पंधरा दिवसांत रडू येणं पुष्कळ जणींना होतं आणि आपोआप ओसरतं. ते पुढेही टिकलं, वाढलं, तर तो आजार.

आता गंमत बघा. बाळंत झाल्यावर स्त्रीसंप्रेरकं सगळ्यांचीच झपाट्यानं उतरतात. मग काहीच जणी का आजारी पडतात? अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या संशोधकांचा एक प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. त्यांनी सोळा स्त्रिया घेतल्या. आठ जणींना पूर्वी बाळंतपणानंतर नैराश्य आलं होतं, आठ जणींना नव्हतं. प्रयोगाच्या वेळी सगळ्या ठणठणीत होत्या. सगळ्यांना गरोदरपणासारखी संप्रेरकं दिली आणि मग बंद केली, कधी बंद केली ते त्यांना न कळू देता. पहिल्या आठांपैकी पाच जणींचं मन पुन्हा खालावलं. दुसऱ्या आठांपैकी एकीचंही नाही!

मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो. त्या सोळा जणींपैकी कुणाच्या कुशीत तेव्हा नवं बाळ नव्हतं, रात्रीची जागरणं नव्हती. फरक होता तो त्यांचा मेंदू त्या चढउताराला कसा सोसतो एवढ्याचा. ‘मनानं कच्ची आहे’ असं म्हणणाऱ्या सासवांनी (आणि आयांनीही!) हे जरूर वाचावं.

पुढचा धागा असा. प्रोजेस्टेरॉनपासून शरीरात अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन नावाचं द्रव्य तयार होतं. ते मेंदूला शांतवतं. गरोदरपणी ते खूप वाढतं आणि बाळंतपणानंतर एकदम घटतं. त्याचंच औषध बनवलं, ब्रेक्सॅनोलोन, आणि २०१९ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. पण ते सलाईनमधून सलग साठ तास द्यावं लागे, तेही हॉस्पिटलात देखरेखीखाली. २०२४ अखेर कंपनीनं ते बंद केलं. त्याआधीच, २०२३ मध्ये, त्याच जातीची गोळी आली होती, झुरानोलोन. रोज रात्री जेवणाबरोबर, फक्त चौदा दिवस. कित्येकींना तीन दिवसांतच उतार पडलेला दिसला. गुंगी मात्र येते. आणि किंमत? बाजारात आली तेव्हा एका कोर्सला पंधरा हजार नऊशे डॉलर! तेवढ्यात आपल्याकडे लेकीचं लग्न होईल.

आणि गोळीनं सगळंच सुटेल असंही नाही. आपल्या शेजारच्या गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी म्हापशाच्या हॉस्पिटलात बाळंत झालेल्या बायकांचा अभ्यास केला, तो २००२ मध्ये छापून आला. सहा ते आठ आठवड्यांनी विचारपूस केली तेव्हा शंभरात तेवीस आयांना नैराश्य होतं. गरिबी, नवऱ्याची मारहाण, आणि मुलगा हवा असताना मुलगी झाली, ही त्यामागची कारणं ठळक दिसली. आजारी आयांची बाळं सहा महिन्यांची होईतो वजनालाही मागे पडली, हे त्याच गटाच्या पुढच्या अभ्यासात दिसलं. मुलगी झाली म्हणून चहाचा कपही पुढे न करणाऱ्या घराला कुठली गोळी द्यायची, सांगा!

पण हात बांधून बसायचंही कारण नाही. नैराश्यावरची जुनी, स्वस्त औषधं आहेतच. सर्ट्रालिनसारखं औषध अंगावरच्या दुधात फार थोडं उतरतं, म्हणून पाजणाऱ्या आईसाठी डॉक्टर ते पुष्कळदा निवडतात. ‘दुधातून बाळाला जाईल’ म्हणून आपल्या मनानं गोळ्या बंद करू नयेत, डॉक्टरांना विचारावं. त्याआधी थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यावं, कारण तिथल्या बिघाडानंही अशीच मरगळ येते. आणि बाळंतीण भलतंच बडबडायला लागली, तिला कुणाचे आवाज ऐकू यायला लागले, बाळाला किंवा स्वतःला काही करीन म्हणाली, तर लिंबू-अंगाऱ्यात एक रात्रही घालवू नका. थेट हॉस्पिटल गाठा.

हॉस्पिटलात बाळंत झालेल्या बाईकडे आशाताई ४२ दिवसांत सहा वेळा घरी येतात. बाळाचं वजन करतात, ताप बघतात. त्या आल्या की सुनेला त्यांच्याशी दहा मिनिटं एकटीला बोलू द्या, दाराआडून ऐकत उभं राहू नका. शिवाय सरकारची टेलिमानस सेवा आहे, नंबर १४४१६. रात्री-अपरात्रीही फोन लागतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.