पेशवे दरबारातील तैलचित्रे

तारकर्लीच्या उत्तरेस, मालवणच्या समुद्रातील सिंधुदुर्गावर, राजाराम महाराजांनी स्थापिलेल्या श्रीशिवराजेश्वराच्या पाषाणमूर्तीपुढे मस्तक आपोआप नम्र होते. परंतु ती मूर्ती पूजेसाठी घडविलेली असल्याने शिवाजी महाराजांची नित्याची मुद्रा कशी होती, हे सांगणे तिचे प्रयोजन नव्हे. ते प्रयोजन असलेली एक कला, अठराव्या शतकातील ब्रिटिश तैलव्यक्तिचित्रण, पुणे दरबारात आली ती जेम्स वेल्सच्या कुंचल्याबरोबर.

स्कॉटलंडातील पीटरहेड येथे १७४७ साली जन्मलेला वेल्स १७९१ मध्ये मुंबईस उतरला आणि पुढील वर्षी इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने पुण्यास आला. आमच्याकडील चित्रकार कागदावर, जलरंगात, बहुधा एकचष्मी चेहरा रेखीत. वेल्स ताणलेल्या कापडावर अस्तर चढवून जवसाच्या तेलात खललेले रंग थरावर थर देत असे. तेल सावकाश वाळते, म्हणून छाया आणि प्रकाश ओल्या रंगातच एकमेकांत मिसळता येतात, आणि गालाची गोलाई, डोळ्यांखालचा थकवा रेषेवाचून उमटतो. लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीतील त्याच्या चित्रात ऐन तारुण्यातले सवाई माधवराव आणि त्यांच्याजवळ कृश चर्येचे, लांब नाकाचे नाना फडणीस दिसतात, तेव्हा बखरीतील नावांना प्रथमच देह लाभतो. महादजी शिंद्यांचेही चित्र त्याने रंगविले.

या चित्रांमागे इंग्रजांचे राजकारण होते, हे विसरून चालणार नाही. टिपूविरुद्ध १७९० मध्ये झालेल्या तहाचा दरबार वेल्सच्या रेखाटनांवरून टॉमस डॅनियलने १८०५ साली रंगविला, तो मॅलेटच्या कर्तबगारीचे स्मारक म्हणूनच. तथापि त्याच मॅलेटच्या पुढाकाराने शनिवारवाड्यात चित्रशाळा निघाली, आणि तीत तयार झालेल्या गंगाराम तांबटाने वेरूळची लेणी इतक्या सूक्ष्म नजरेने रेखाटली की ती रेखाटने आज अमेरिकेत येल येथे जतन केलेली आहेत.

१७९५ च्या ऑक्टोबरात पेशवे सवाई माधवराव निवर्तले. नोव्हेंबरात, साष्टीतील कान्हेरीची लेणी रेखाटण्याच्या उद्योगात असलेला वेल्सही वारला, आणि चित्रशाळेचा आधार तुटला. पुढे १८५७ साली मुंबईत स्थापन झालेल्या जे. जे. कलाशाळेपासून आपल्या आधुनिक कलेचा आरंभ मोजण्याचा प्रघात पडला. माझ्या मते ही गणना दुरुस्त झाली पाहिजे. पाश्चात्य चित्रविद्येचे पहिले मराठी पाठ पेशव्यांच्या वाड्यात गिरविले गेले, आणि त्या इतिहासाच्या अग्रभागी मॅलेट व वेल्स यांच्या जोडीने गंगाराम तांबटाचे नाव लिहिले जाणे हा त्याचा हक्क आहे.