राहायचं शहर कसं पारखावं

१८३१च्या डिसेंबरात ॲलन ग्रेव्ह्ज, विल्यम हर्वी आणि हॉलिस रीड हे तीन अमेरिकन मिशनरी मुंबईहून अहमदनगरला बिऱ्हाड करायला आले. मुंबईच्या दमट हवेत मिशनची बरीच माणसं दगावली होती. नगरला घाटमाथ्यापलीकडची कोरडी हवा होती, इंग्रजांची छावणी होती. डिसेंबरातलं नगर कुणालाही आवडावं असंच असतं. पण पुढच्याच मे महिन्यात हर्वी पटकीने वारले. मिशन मात्र नगरमध्ये टिकलं. सिंथिया फरार १८३९ साली नगरला आल्या आणि १८६२पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, मुलींच्या शिक्षणाचं काम करत राहिल्या. त्यांच्या आधीच्यांनी गाव चुकीचं निवडलं नव्हतं. त्या गावाच्या उन्हाळ्याशी त्यांची ओळख व्हायची होती.

आज नगर जिल्ह्यातल्या लोणी, संगमनेर, कोपरगावच्या महाविद्यालयांतून शिकलेली मुलं परदेशात स्थायिक होण्याचा विचार करतात, तेव्हा बहुतेकदा तीही शहराचा डिसेंबरच पाहतात. फक्त युरोपात चांगला मोसम जून-जुलैचा असतो, एवढाच फरक. म्हणून पाहणीचा क्रम असा लावावा, की शहराकडून नकार यायचा असेल तर तो आधी आणि कमी खर्चात यावा.

पहिली पाहणी घरी बसून, कागदावर. शहर कितीही आवडलं तरी तिथे राहण्याचा हक्क देश देतो. दुबईत वास्तव्य बहुधा नोकरीला बांधलेलं असतं. नोकरी गेली की निघायची तयारी करावी लागते. कॅनडा, ऑस्ट्रेलियात वय, शिक्षण, भाषा यांना गुण मिळतात. जर्मनीचं उदाहरण जरा सविस्तर पाहू, कारण फेब्रुवारी २०२४मध्ये महाराष्ट्र सरकारने तिथल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला. त्या राज्याची राजधानी श्टुटगार्ट हे १९६८पासून मुंबईचं भगिनी-शहरही आहे.

जर्मनीत नोकरी हातात असेल तर ब्ल्यू कार्ड हा वास्तव्याचा परवाना मिळू शकतो. त्यासाठी २०२५मध्ये वार्षिक पगार किमान ४८,३०० युरो लागत होता. मनुष्यबळाची टंचाई असलेल्या व्यवसायांत आणि नव्या पदवीधरांसाठी सुमारे ४३,७६० युरो. हा आकडा दरवर्षी बदलतो. नोकरी नसेल तर जून २०२४पासून ‘चान्सनकार्ट’ आहे. त्यावर एक वर्षापर्यंत तिथे राहून नोकरी शोधता येते आणि आठवड्याला २० तास अर्धवेळ काम करता येतं. मात्र खर्चाची सोय दाखवावी लागते. २०२५मध्ये ती दरमहा १,०९१ युरो होती.

पदवीचं काय, हे त्याच वेळी पाहावं. आपलं विद्यापीठ आणि पदवी जर्मनीत ग्राह्य आहे का, हे ‘ॲनाबिन’ या सरकारी नोंदकोशात फुकट पाहता येतं. संगणक अभियंत्याला इंग्रजीवर सुरुवात करता येते. नर्सला मात्र परवान्यासाठी साधारण बी-२ पातळीची जर्मन लागते, आणि तिथवर पोचायला वर्ष-दीड वर्ष सहज जातं. एवढं जुळत नसेल तर विमानाचं तिकीट काढू नये.

कागद जुळले की प्रत्यक्ष जावं. शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. मुलाखती देता येतात, नोकरी करता येत नाही. जायचं ते नोव्हेंबर ते जानेवारीत. सोयरीक जुळवताना जाणती माणसं न कळवता मुलाच्या दारात उभी राहतात, तसंच हे. डिसेंबरात श्टुटगार्टला सकाळी आठनंतर उजाडतं आणि साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. वर्षभर लख्ख उन्हात वाढलेल्या माणसाला हा अंधार किती बाधतो, हे तिथे पंधरा दिवस काढल्याशिवाय कळत नाही.

हॉटेल मध्यवस्तीत घेण्याऐवजी जवळच्या एसलिंगन किंवा झिंडेलफिंगनसारख्या गावात, कामाला जाणारे लोक राहतात तिथे, खोली घ्यावी. सकाळी त्यांच्याबरोबर लोकलने कारखान्याच्या किंवा कचेरीच्या भागात जाऊन यावं. रविवारी दुकानं बंद असतात. शनिवारी बाजार केला नाही तर काय होतं, याचा अनुभव घ्यावा. या भागात ‘केरवोखं’ नावाची रीत आहे: जिना आणि दारापुढची जागा झाडायची पाळी भाडेकरूंमध्ये आठवड्याने फिरते. पाळी चुकली की शेजारी बोलतात.

मग घरभाडं. जाहिरातीतलं ‘कोल्ड’ भाडं म्हणजे नुसत्या जागेचं. पाणी, हीटिंग, सफाई धरून होतं ते ‘वॉर्म’. अनामत जास्तीत जास्त तीन कोल्ड भाड्यांइतकी घेता येते. पुष्कळ घरांत ओटा-कपाटंही नसतात. राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी सक्तीची असते आणि तिला घरमालकाचं पत्र लागतं. ते देणार का, हे आधी विचारावं. पगाराचा हिशेब हातात येणाऱ्या रकमेवर करावा. मध्यम पगाराच्या एकट्या माणसाचे कर आणि विम्यात तिसऱ्या हिश्शाहून जास्त जातात.

मुलं असतील तर शाळा पाहूनच यावं. सरकारी शाळेला फी नसते, पण बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये चौथीनंतर मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. नऊ वर्षांचं मूल नेलं तर जर्मन शिकायला त्याच्या हातात एखादंच वर्ष उरतं. तीन वर्षांचं मूल नेणाऱ्याला ही चिंता नाही.

शेवटची पाहणी इकडची. अहमदनगर जिल्ह्याचं नाव २०२४मध्ये अहिल्यानगर झालं. जन्मदाखल्यावर अहमदनगर आणि नव्या कागदावर अहिल्यानगर असेल, तर राजपत्राची प्रत जवळ ठेवावी. दाखल्यांना अपोस्टील, म्हणजे परदेशासाठीचं प्रमाणीकरण, लागेल का, हे त्या देशाच्या वकिलातीच्या यादीत पाहावं. जमिनीचंही पक्कं समजून घ्यावं: अनिवासी झाल्यावर शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाने आलेली आणि आधीची ठेवता येते. सातबाऱ्यावरच्या वारसनोंदी, भावांमधली वाटणी हे राहिलं असेल तर जाण्याआधी उरकावं. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. जर्मन पासपोर्ट घेतला तर भारतीय सोडावा लागतो.

परत आल्यावर शहरांची तुलना आवडीनुसार न करता अडचणींनुसार करावी. प्रत्येक शहरापुढे एकच ओळ लिहावी: इथे कोणती गोष्ट पाच वर्षांनीही बदलणार नाही? भाषा शिकता येते, घर बदलता येतं, पगार वाढतो. हिवाळा, कायदा आणि आईवडिलांपासूनचं अंतर तसंच राहतं. या तीन गोष्टी ज्या शहरापुढे सोसण्याजोग्या वाटतील, त्याच शहरात अर्ज करावा.