अलिबागची चुंबकीय वेधशाळा आणि सूर्यकण

सूर्यापासून निघणारे विद्युद्भारित कण मोजण्यासाठी प्रयोगशाळांत व उपग्रहांवर शोधक यंत्रे बसविली जातात, हे सर्वश्रुत आहे. अलिबागच्या किनाऱ्यावरील चुंबकीय वेधशाळा हेच काम आडमार्गाने शंभराहून अधिक वर्षे करीत आली आहे. याची कल्पना रायगड जिल्ह्यातही फारशी नसते.

कणांचा मोठा लोट आला की विषुववृत्ताच्या वर अवकाशात विद्युत्प्रवाहाचे एक कडे बळावते व जमिनीवरील चुंबकीय क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक घटतो. ही घट म्हणजे त्या माऱ्याची मोजदाद होय. २ सप्टेंबर १८५९ रोजी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत ती सुमारे १,६०० नॅनोटेस्ला नोंदली गेली. मार्च १९८९ मध्ये कॅनडातील क्वेबेक प्रांत सुमारे नऊ तास अंधारात ठेवणारे वादळ याहून पुष्कळच सौम्य होते. एवढ्या जुन्या नोंदीचे मोल यावरून ध्यानी यावे.

ही नोंदमाला खंडित होण्याचा प्रसंग आला तो ट्रामगाड्यांमुळे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले आणि त्यांच्या प्रवाहाने कुलाब्याची मोजमापे बिघडणार हे उघड झाले. संचालक नानाभाई फ्रामजी मूस यांनी चुंबकीय विभाग १९०४ मध्ये अलिबागला नेला. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेऊन जुन्या-नव्या नोंदींची सांगड घालण्यात आली. ट्राम १९०७ मध्ये धावू लागल्या आणि १९६४ मध्ये बंदही झाल्या. नोंदी चालूच आहेत.

ही वेधशाळा आता नवीन पनवेल येथे मुख्यालय असलेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे. लोखंडी सांगाडे, अवजड वाहने, वीजवाहिन्या यांनी वेध बिघडतात. म्हणून परिसरातील बांधकामास परवानगी देण्यापूर्वी वेधशाळेचे मत घेणे इष्ट ठरेल.