गोळी बंद करण्याआधी

नैराश्यावर औषध घेणारा पुरुष मुलाचा विचार करू लागला की एक शंका हमखास डोके वर काढते : या गोळ्यांमुळे तर अडत नसेल? शंका निराधार नाही. पण तिच्यावर सगळ्यांत आधी सुचणारा उपाय, म्हणजे कुणाला न विचारता गोळ्या थांबवणे, उपलब्ध पुराव्यातून मुळीच निघत नाही. पुरावा फार मोठा नाही. तरीही तो नीट वाचला तर औषध शुक्राणूंना नेमके कुठे गाठत असावे याचा बराच माग लागतो, आणि त्यावरच पुढचा निर्णय अवलंबून आहे.

या विषयात सर्वाधिक उल्लेख होतो तो न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयातल्या प्रयोगाचा. तो २०१० साली प्रसिद्ध झाला. नैराश्य नसलेल्या ३५ निरोगी पुरुषांना पाच आठवडे पॅरोक्सेटिन देण्यात आले. सरट्रालिन, फ्लुओक्सेटिन, एस्सिटॅलोप्रॅम ही आपल्याकडची परिचित औषधेही याच कुळातली. मेंदूतल्या सेरोटोनिनचा प्रभाव वाढवणारी. औषध चालू असताना शुक्राणूंची संख्या, हालचाल आणि आकार जवळपास जसेच्या तसे होते. नेहमीच्या वीर्य तपासणीचा अहवाल कुणीही ‘नॉर्मल’ म्हणून हातात दिला असता. पण शुक्राणूंमधला डीएनए तपासला तेव्हा तुटलेल्या डीएनएचे सरासरी प्रमाण १३.८ टक्क्यांवरून ३०.३ टक्क्यांवर गेलेले दिसले. हे प्रमाण चिंताजनक पातळीवर असलेले पुरुष आधी दहा टक्क्यांच्या आत होते, ते निम्म्यावर आले.

यातला पाच आठवड्यांचा अवधी मला सर्वांत बोलका वाटतो. एक शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात आणि त्यानंतर तो वृषणाला लागून असलेल्या लांबलचक, गुंडाळलेल्या नळीत काही दिवस राहून परिपक्व होतो. म्हणजे औषध चालू असतानाच्या नमुन्यातले शुक्राणू पहिली गोळी पोटात जाण्याआधीच घडू लागले होते. बिघाड त्यांच्या जन्माच्या पायरीवर झालेला असणे शक्य नाही; तो घडणीच्या शेवटच्या टप्प्यात किंवा नळीतल्या मुक्कामात झाला असला पाहिजे. संशोधकांचा रोख मुक्कामावर होता. सेरोटोनिन वाढले की वीर्यस्खलन लांबते. हा परिणाम इतका खात्रीचा आहे की शीघ्रपतनावर दिले जाणारे डॅपोक्सेटिन याच कुळातले औषध आहे. शुक्राणूंची वाहतूक मंदावली तर ते नळीत जास्त काळ साचून राहतात, आणि पूर्ण वाढलेल्या शुक्राणूकडे स्वतःचा डीएनए दुरुस्त करण्याची सोय जवळजवळ उरलेली नसते. बरेच दिवस स्खलन न झालेल्या पुरुषांमध्येही डीएनए तुटण्याचे प्रमाण वाढते, हे या तर्काला धरूनच आहे. शिवाय प्रयोगात औषध थांबवल्यानंतर महिनाभरात आकडे पुन्हा खाली आले. वृषणातली निर्मितीच उद्ध्वस्त झाली असती तर इतक्या लवकर सुधारणा दिसली नसती.

यावर रास्त आक्षेप आहेत. या प्रयोगात तुलनेसाठी खोटी गोळी दिलेला गट नव्हता. माणसे थोडी होती, आणि तुटलेल्या डीएनएचा आकडा म्हणजे न झालेले मूल नव्हे. यातला पहिला दोष टाळणारी चाचणी २०२१ साली ड्युलोक्सेटिनवर झाली. त्यात निरोगी पुरुषांच्या एका गटाला सहा आठवडे औषध आणि दुसऱ्याला खोटी गोळी दिली होती. डीएनए, वीर्याचे इतर निकष आणि संप्रेरके यांत लक्षणीय बिघाड आढळला नाही. ड्युलोक्सेटिनही सेरोटोनिन वाढवते, त्यामुळे वाहतुकीचा तर्क अपुरा ठरतो हे मान्य करायला हवे. पण नैराश्यावरची सगळी औषधे एकाच मापाने मोजता येत नाहीत, हेही त्यातूनच कळते.

मग संशय आहे तर तीन महिने गोळी थांबवून पाहायला काय हरकत आहे? हरकत अशी की गोळी थांबली तरी आजार थांबत नाही. अमेरिकेत वंध्यत्वावर उपचार घेणाऱ्या जोडप्यांचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात तीव्र नैराश्य असलेल्या पुरुषांपैकी नऊ टक्क्यांहून कमी जणांना मूल झाले, नैराश्य नसलेल्यांत हे प्रमाण सुमारे २५ टक्के होते. तीव्र नैराश्याचे पुरुष त्यात अवघे ३४ होते, तेव्हा आकड्यांवर फार भार टाकू नये. पण कामेच्छा, झोप आणि दारू यांच्या वाटेने आजार स्वतःच आड येतो, हे कुणीही नाकारणार नाही. त्यात पॅरोक्सेटिनसारखे औषध एकदम सोडले तर चक्कर, मळमळ, चिडचिड, अंगातून विजेचे झटके गेल्यासारखी जाणीव असे त्रास होतात, आणि नैराश्य उलटण्याची भीती वेगळीच.

उलट टोकाची भूमिकाही मला पटत नाही : परिणाम तात्पुरता आहे, तर बोलायचेच कशाला? पत्नीचे वय अडतीस असेल तर काही महिनेही मोलाचे असतात. शिवाय सगळेच परिणाम औषधाबरोबर संपतात असे नाही. या गटातल्या औषधांमुळे आलेल्या लैंगिक तक्रारी काहींमध्ये औषध थांबल्यावरही टिकतात, अशी सूचना माहितीपत्रकात घालायला युरोपच्या औषध नियामकाने २०१९ साली सांगितले. रुग्णाला हे आधी कळायलाच हवे.

म्हणून हा प्रश्न मानसोपचारतज्ज्ञ आणि वंध्यत्वाचे डॉक्टर यांनी मिळून सोडवायचा आहे. डीएनएची तपासणी सरसकट सगळ्यांनी करून घेण्यात अर्थ नाही. अमेरिकेतल्या तज्ज्ञ संघटनांची २०२० सालची मार्गदर्शक तत्त्वेही पहिल्याच फेरीत ती करू नये असे सांगतात. वारंवार गर्भपात होत असतील तर मात्र तिचा विचार व्हावा. औषध बदलायचेच ठरले तर लैंगिक दुष्परिणाम कमी असलेले ब्युप्रोपिऑनसारखे पर्याय आहेत, फक्त तो बदल हळूहळू आणि देखरेखीखाली व्हायला हवा. त्याहून सोपे म्हणजे पहिली चिठ्ठी लिहितानाच मानसोपचारतज्ज्ञाने विचारणे : येत्या वर्ष-दोन वर्षांत मुलाचा विचार आहे का? आणि मूल होत नाही म्हणून आलेल्या पुरुषाला तंबाखू-दारूबद्दल विचारले जाते, तेव्हाच मनाच्या औषधांबद्दलही विचारावे, आणि शक्यतो तो एकटा असताना, म्हणजे उत्तर खरे येईल.