कॅलिपर जाम झाला: सील किट, नवा की मोठा?

डिस्क ब्रेकच्या कॅलिपरमध्ये नाशवंत भाग थोडेच असतात. पिस्टनभोवतीचे चौकोनी छेदाचे रबरी सील, धूळ अडवणारा बूट, पिस्टनचा चकचकीत पृष्ठभाग आणि कॅलिपरला आडवे सरकू देणाऱ्या दोन पिना, एवढेच. बाकीचे बिडाचे अंग गाडीइतकेच टिकते. तरीही जयपूरच्या चारदीवारीत चांदपोल ते सूरजपोल अडखळत जाणाऱ्या जुन्या मारुती ८००चे पुढचे चाक तापू लागले, की ‘कॅलिपर गेला’ हा निकाल आधी लागतो आणि तपासणी नंतर होते.

चाक धरून राहिले म्हणजे कॅलिपर खराब, हा पहिला गैरसमज. जॅकवर चढवून ते चाक फिरत नसेल तर ब्लीडिंगचा निपल क्षणभर सैल करावा. ब्रेक ऑइल उसळले आणि चाक मोकळे झाले, तर दाब वरच अडकला होता. दोष आतून फुगलेल्या रबरी होजचा किंवा मास्टर सिलिंडरचा असतो आणि नवा कॅलिपर बसवूनही तो जात नाही. चाक तसेच जड राहिले तरच कॅलिपर उघडावा. त्यातही पिस्टन बोटांनी मागे जात असेल आणि फक्त पिना कोरड्या पडल्या असतील, तर त्या साफ करून सिलिकॉन ग्रीस लावणे पुरते.

राजस्थानच्या कोरड्या हवेत गंज लागत नाही, हेही अर्धेच खरे. कोकणातल्या गाडीपेक्षा जयपूरच्या गाडीचे पत्रे सुस्थितीत राहतात, पण कॅलिपर गंजतो तो आतून. ब्रेक ऑइल नाव ‘ऑइल’ असूनही तेल नाही. डॉट ३ आणि डॉट ४ ही ग्लायकॉलवर्गीय द्रव्ये असून ती हवेतली ओल शोषतात. डॉट ४चा उत्कलनांक ताजेपणी किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पाणी मुरल्यावर १५५ पर्यंत घसरू शकतो. फाटक्या बुटातून शिरणारी बारीक धूळ उरलेले काम करते.

बोअरवर ओरखडा दिसला की कॅलिपर भंगारात, हा नियम ड्रम ब्रेकच्या व्हील सिलिंडरवरून आला आहे. तिथे रबरी कप बोअरवरच घासत जातो, म्हणून बोअर गुळगुळीत लागतो. बहुतेक कॅलिपरमध्ये सील खाचेत स्थिर बसते आणि पिस्टन त्यातून सरकतो. पायडल सोडल्यावर पिळलेले सील मूळ आकारात येते आणि पिस्टनला किंचित मागे ओढते. वेगळी स्प्रिंग नसते. त्यामुळे बोअरवरचा हलका ओरखडा चालतो. पिस्टनवर खड्डे पडले असतील तर पिस्टन बदलावा. सीलची खाच गंजाने खाल्ली असेल, अंगाला तडा असेल किंवा निपल आत तुटून बसला असेल, तर मात्र नवा कॅलिपरच घ्यावा.

सील किट टाकूनही महिन्याभरात गळती सुरू झाली, की दोष किटवर जातो. पुष्कळदा कारण धुण्यात असते. पेट्रोल, डिझेल, रॉकेल किंवा साधे ग्रीस लागले की हे रबर फुगते. सुटे भाग ब्रेक क्लीनरने किंवा ताज्या ब्रेक ऑइलने धुवावेत. उलट, नवा म्हणून निनावी कंपनीचा स्वस्त कॅलिपर बसवण्यापेक्षा नीट दुरुस्त केलेला मूळ कॅलिपर केव्हाही बरा. दुरुस्ती दोन्ही बाजूंची एकदम करावी; पॅड तर जोडीनेच बदलायचे असतात.

मोठ्या कॅलिपरने गाडी लवकर थांबते, हा सर्वांत खर्चिक समज. आहे तो ब्रेक चाक जाम करू शकत असेल तर मर्यादा टायरच्या पकडीची आहे. ४८ मिलिमीटरऐवजी ५४ मिलिमीटरचा पिस्टन घेतला तर क्षेत्रफळ सुमारे २७ टक्क्यांनी वाढते. मास्टर सिलिंडर तोच ठेवल्यास तेवढेच जास्त ऑइल ढकलावे लागते आणि पायडल खोल जाते. पुढच्या-मागच्या ब्रेकचा समतोल बिघडतो तो वेगळाच. शिवाय मारुती ८००च्या १२ इंची चाकात मोठ्या डिस्कला जागाही नसते.

मोठ्या ब्रेकचा खरा फायदा उष्णता पेलण्याचा आहे. ताशी २० किलोमीटरवरून थांबताना निर्माण होणारी उष्णता ताशी ८०च्या सोळाव्या हिश्शाइतकी असते, म्हणून बडी चौपडच्या गर्दीत त्याचा उपयोग नाही. नाहरगडच्या उतारावर चित्र बदलते. केवळ ब्रेकवर १०० मीटर उंची उतरणे म्हणजे ताशी ८०वरून सुमारे चारदा थांबणे. तिथेही दुसरा गिअर आणि ताजे ऑइल हा स्वस्तातला उपाय आधी येतो.

अँबॅसिडर आणि प्रीमियर पद्मिनी यांच्या बहुसंख्य जुन्या गाड्यांना चारही चाकांना ड्रमच आहेत. त्यांवर डिस्क चढवायची तर हब, मास्टर सिलिंडर आणि बहुधा बूस्टरही बदलावा लागतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, तेव्हा आरटीओत आधी विचारलेले बरे. पन्नास वर्षांवरच्या गाडीसाठी २०२१ च्या नियमांनी वेगळी व्हिंटेज नोंदणी आणली आहे. तिच्यात चासी, बॉडी आणि इंजिन मूळ स्वरूपात असण्याची अट आहे. सील, होज आणि ब्रेक शू नवे घालण्याने तिला बाधा येत नाही.