आजीचं घंगाळ आणि माझे चार फोन

दिवाळीला बालाघाटला गेलो, तेव्हा आजीचं गळकं तांब्याचं घंगाळ मोडीत द्यायचं ठरलं. भांडीवाल्याने ते तोललं, मोडीचा भाव वजा केला आणि नवा हंडा दिला. चक्रीय अर्थव्यवस्था म्हणतात ती हीच. वस्तू जपून वापरायची, दुरुस्त करायची आणि अगदीच निकामी झाली की तिच्यातला माल पुन्हा कामाला लावायचा. आजीने हा शब्द कधी ऐकलाही नव्हता.

याचं मोल आपल्या जिल्ह्याला तरी कळावं. मलाजखंडच्या खनिजात तांबं जेमतेम एक टक्का, म्हणजे किलोभर तांब्यासाठी सुमारे शंभर किलो दगड फोडून दळायचा. मोडीतलं तांबं मात्र कितीही वेळा वितळवा, गुण तोच.

माझ्या बॅगेत चार जुने फोन होते. त्यातले दोन अजून चालतात, पण अपडेट बंद झाल्यामुळे बँकेचं अ‍ॅप उघडत नाही. हे पाप आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचं! शिवाय घंगाळ एकाच धातूचं. फोनमध्ये कितीतरी धातू, तेही चिकटवून बसवलेले. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. पण स्क्रू काढून उघडेल आणि दहा वर्षं अपडेट मिळेल असा फोन आधी कागदावर आखावा लागेल. तुमच्यापैकी कुणी इंजिनिअर होणार असेल, तर हे काम बाकी आहे.

घंगाळाचा व्यवहार झाल्यावर फोनही पुढे केले. भांडीवाल्याने उलटसुलट करून पाहिले आणि परत दिले. म्हणाला, यांची मोड होत नाही.